पश्चात्तापावाचून आत्मकथा

सोळा वर्षांच्या वयात शेजारच्या झाडावरील नासपती चोरल्याची हकिकत संत ऑगस्टिन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात सांगितली आहे. भूक नव्हती, स्वतःकडे त्याहून चांगली फळे होती आणि चोरलेल्या फळांपैकी बहुतेक डुकरांपुढे टाकली गेली. तरीही पुढे महागुरुपदाला पोहोचलेला हा माणूस त्या क्षुल्लक चोरीपाशी कितीतरी वेळ थांबतो आणि आपण असे का केले याचा तळ शोधीत राहतो. पाश्चात्त्य आत्मचरित्राचा उगम या ग्रंथात आहे असे अभ्यासक मानतात. त्यामुळे कोणाचेही आत्मचरित्र हाती घेताना वाचकाच्या, विशेषतः ख्रिस्ती वाचकाच्या मनात एक मूक अपेक्षा असते. लिहिणाऱ्याने कोठेतरी गुडघे टेकावेत, निदान एखाद्या पानावर तरी त्याचा आवाज खाली यावा.

रे क्रॉक याचे ‘ग्राइंडिंग इट आउट’ हे १९७७ साली प्रसिद्ध झालेले, रॉबर्ट अँडरसन यांच्या साहाय्याने लिहिलेले आत्मचरित्र वाचताना ही अपेक्षा शेवटच्या पानापर्यंत ताटकळत राहते. मॅक्डोनल्ड्स हे नाव आज शंभराहून अधिक देशांत पसरले आहे. २०२४ च्या अखेरीस त्याची दुकाने ४३ हजारांहून अधिक होती. हा पसारा ज्याने मांडला तो क्रॉक १९५४ साली दुधाची शीतपेये घुसळण्याची यंत्रे विकत गावोगाव फिरणारा, बावन्न वर्षांचा, मधुमेह आणि संधिवाताने गांजलेला विक्रेता होता. या माणसाविषयी आणि त्याने वाढविलेल्या उद्योगाविषयी आणखी दोन कृती महत्त्वाच्या आहेत. एक, एरिक श्लॉसर यांचे ‘फास्ट फूड नेशन’ हे २००१ सालचे शोधपर पुस्तक. दुसरी, जॉन ली हॅनकॉक यांनी दिग्दर्शित केलेला ‘द फाउंडर’ हा २०१६ सालचा चित्रपट. तिन्ही कृती शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे झटपट खाद्याच्या या धंद्याचे तंत्र कसे घडत गेले ते कळते. त्याबरोबर, कोण कोठे नजर वळवतो हेही दिसू लागते. मला त्या वळवलेल्या नजरेविषयी लिहावयाचे आहे.

क्रॉकच्या पुस्तकाला वाङ्मयीन गुण नाहीत असे नाही. विक्रेत्याची बोली त्यात जिवंत उतरली आहे. वाक्ये आखूड, उत्साही, आणि प्रत्येक प्रकरण जणू गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहून सांगितलेले. नवल वाटते ते त्याच्या धार्मिक शब्दसंपत्तीचे. तळलेल्या बटाट्याच्या सळ्यांविषयी तो पवित्र वस्तूविषयी बोलावे तसे बोलतो. त्या तळण्याच्या कृतीला तो विधीचा दर्जा देतो. पावाच्या गोल आकारात सौंदर्य पाहण्यासाठी एक विशिष्ट मन लागते, असे त्याचे म्हणणे आहे. देव, कुटुंब आणि मॅक्डोनल्ड्स यांवर आपली श्रद्धा आहे, मात्र कचेरीत शिरताच हा क्रम उलटा होतो, असेही तो मोकळेपणाने सांगतो. हा विनोद म्हणून सोडून देता येईल. मला तो सोडवत नाही, कारण संपूर्ण पुस्तकात क्रॉकने इतके खरे विधान दुसरे केलेले नाही.

ज्या ठिकाणी ऑगस्टिन थांबले असते अशी एक जागा या पुस्तकात आहे. रिचर्ड आणि मॉरिस मॅक्डोनल्ड या बंधूंकडून क्रॉकने १९६१ साली त्यांचे सर्व हक्क २७ लाख डॉलरांना विकत घेतले. मात्र सॅन बर्नार्डिनो येथील आपले मूळ उपाहारगृह बंधूंनी सौद्यातून वगळले, आणि क्रॉकचा संताप अनावर झाला. नाव विकले गेल्यामुळे बंधूंना आपल्याच दारावरील आपलेच आडनाव उतरवावे लागले. ‘द बिग एम’ अशी नवी पाटी त्यांनी लावली. क्रॉकने समोरच मॅक्डोनल्ड्सचे दुकान उघडले आणि काही वर्षांत बंधूंचा धंदा बुडाला. हे कोणा विरोधकाने शोधून काढलेले नाही. क्रॉक स्वतःच सांगतो आणि विजयाची नोंद करावी तसे सांगतो. स्थापनेचा दिवस म्हणून तो १५ एप्रिल १९५५ ही तारीख धरतो. त्या दिवशी इलिनॉय राज्यातील डेस प्लेन्स येथे त्याचे स्वतःचे पहिले दुकान उघडले. त्याआधीची वर्षे जणू जुन्या करारातील, भाकितांपुरती उरलेली.

‘द फाउंडर’ हा चित्रपट या जागेवर नेमका बोट ठेवतो. मायकल कीटन यांनी साकारलेला क्रॉक पहिल्याच दृश्यात थेट आपल्याकडे पाहून यंत्र विकू लागतो, आणि शेवटी तो आरशासमोर आपल्या भाषणाची तालीम करताना दिसतो. आरंभी समोर निदान गिऱ्हाईक होते, अखेरीस तो स्वतःलाच विकत घेतो आहे. दिग्दर्शकाने भाष्य न करता साधलेला हा परिणाम मोलाचा आहे. चित्रपटातील क्रॉक एका प्रसंगी बंधूंना सांगतो की प्रत्येक गावात त्याला दोन गोष्टी दिसल्या, न्यायालयावरचा ध्वज आणि चर्चवरचा क्रूस. सोनेरी कमानी हे तिसरे चिन्ह व्हावे, हे नवे चर्च व्हावे आणि ते केवळ रविवारी उघडे नसावे. (आमची चर्चेही केवळ रविवारी उघडत नाहीत, ही गोष्ट अलाहिदा.)

तरीही या चित्रपटाविषयी माझी तक्रार आहे. त्याने नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा रचली आहे. एका बाजूला हव्यासी अहाब, दुसऱ्या बाजूला वाडवडिलांचा मळा न विकणारा नाबोथ. नफ्यातील एक टक्का वाटा तोंडी कबूल करून क्रॉकने नंतर तो बुडविला, हा बंधूंच्या कुटुंबीयांचा आरोप चित्रपट सिद्ध सत्यासारखा हाताळतो. करार कागदावर नव्हता, त्यामुळे त्याची शहानिशा कधी होऊ शकली नाही. नाट्यासाठी हे क्षम्य आहे. परंतु बंधूंना नाबोथाच्या जागी उभे करण्यासाठी चित्रपटकर्त्यांना एक किंमत मोजावी लागली. खुद्द त्या बंधूंनी १९४८ साली काय केले होते ते त्यांनी गंमतीच्या संगीतावर निभावून नेले.

काय केले होते? तेथे थोडे थांबणे अगत्याचे आहे. १९४० साली सुरू झालेले बंधूंचे उपाहारगृह चांगले चालत होते. मोटारीतच बसून गिऱ्हाइकाने मागणी सांगावी आणि गणवेशातील मुलींनी खाद्यपदार्थ मोटारीपाशी आणून द्यावेत, अशी त्या काळची पद्धत होती. कटकट होती ती माणसांची. चांगला आचारी टिकत नसे, पगार वाढवून मागत असे. मुलींभोवती तरुणांची टोळकी घोटाळत, बशा आणि पेले फुटत, काटेचमचे नाहीसे होत. १९४८ च्या शरद ऋतूत बंधूंनी दुकान तीन महिने बंद ठेवले, वीसेक मुलींना कामावरून कमी केले आणि डिसेंबरात नव्या पद्धतीने दार उघडले. पंचवीस पदार्थांऐवजी नऊ. काट्याचमच्याने खावे लागणारे सर्व पदार्थ बाद. बश्यांऐवजी कागद. हॅम्बर्गरची किंमत तीस सेंटवरून पंधरा सेंट. स्वयंपाकाची कामे तोडून वाटली गेली. एकाने मांसाच्या चकत्या तव्यावर भाजायच्या, दुसऱ्याने त्यांवर कांदा, मोहरी, टोमॅटोचे सॉस आणि लोणच्याच्या काकडीचे दोन तुकडे घालून गुंडाळायचे, तिसऱ्याने शीतपेय घुसळायचे, चौथ्याने बटाटे तळायचे. नव्या व्यवस्थेत त्यांनी पुरुषच ठेवले. मुली असल्या की टोळकी येतात, असा हिशेब होता.

टेनिसच्या मैदानावर खडूने स्वयंपाकघराचा आराखडा आखून नोकरांकडून त्यात फिरण्याची तालीम करवून घेतल्याचा प्रसंग चित्रपटात फार देखणा झाला आहे. पाहताना आपणही हसतो. पण त्या खडूच्या रेषांच्या आत काय पुसले जात होते? आचारी ही व्यक्ती. ज्याच्या हाताला चव आहे असा माणूस. त्याच्या जागी एका दिवसात शिकविता येईल अशी चार कामे आली. हाताला चव असणे हे आपण घरातल्या आईविषयी वा आजीविषयी जितक्या सहजपणे म्हणतो तितक्याच सहजपणे धंद्याच्या दृष्टीने ती अडचण ठरते, कारण हात गेला की चव जाते. बंधूंनी ही अडचण दूर केली. क्रॉकने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. त्याचा सहकारी फ्रेड टर्नर याने १९५८ साली पंच्याहत्तर पानांची कार्यपुस्तिका तयार केली. त्यात तव्यावर चकत्या किती ओळींत मांडायच्या आणि बटाट्याची सळी ०.२८ इंच जाडीची हवी, येथपर्यंत सर्व काही लिहिलेले होते. १९६१ साली तर या विद्येचे शिक्षण देणारी संस्थाच निघाली. तिचे नाव ‘हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी’.

तेव्हा नाबोथाचा मळा एवढा निष्कलंक नव्हता. अहाबाने मळा घेतला हे खरे, परंतु मळ्यातील मजुरांना नाबोथाने आधीच घालवून दिले होते. चित्रपटात हे मजूर जवळपास चेहऱ्यावाचून वावरतात. मूळ कल्पना कोणाची आणि श्रेय कोणाचे या वादात दोन्ही पक्ष मालकांचेच आहेत.

आता जागेचा मुद्दा. क्रॉकचे आत्मचरित्र पावाविषयी कितीही भाविक असले तरी पावावर त्याचे पोट भरत नव्हते. बंधूंशी झालेल्या मूळ करारानुसार नव्या दुकानदाराकडून ९५० डॉलर प्रवेशशुल्क आणि विक्रीच्या १.९ टक्के एवढाच वाटा घेता येई, आणि त्यांतील अर्धा टक्का बंधूंना द्यावा लागे. उरलेल्या १.४ टक्क्यात कचेरीचा खर्चही निघेना. यातून वाट काढली ती हॅरी सॉनबॉर्न या हिशेबी सहकाऱ्याने. १९५६ साली त्याने एक जागा-कंपनी उभी केली. ती जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेई आणि तीच दुकानदाराला चढ्या भाड्याने देई. किमान भाडे वा विक्रीचा ठरावीक टक्का, यांत जे अधिक भरेल ते कंपनीचे. दुकानदाराने कार्यपुस्तिकेबाहेर पाऊल टाकले तर त्याला जागेवरूनच उठविता येई. बटाट्याच्या जाडीचा नियम अशा रीतीने भाडेपट्ट्याला बांधला गेला.

कूळ, खंड, मालक हे शब्द ज्यांच्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी रोजचे होते त्या आपल्या वाचकांना हा हिशेब समजायला अवघड जाऊ नये. फरक इतकाच की खंडकऱ्याने काय पेरावे, किती बोटांवर पेरावे आणि कोणत्या शब्दांत गिऱ्हाइकाला राम राम करावा, हे आपल्या जमीनदारांनीही कधी लिहून दिले नव्हते. हे केवळ जुन्या काळाचे वर्णन नव्हे. २०२३ साली मॅक्डोनल्ड्सला आपल्या परवानाधारक दुकानदारांकडून भाड्यापोटी सुमारे ९.८ अब्ज डॉलर मिळाले, आणि नावाच्या व पद्धतीच्या वापराबद्दलच्या शुल्कापोटी सुमारे ५.५ अब्ज. पंचाण्णव टक्के दुकाने परवानाधारकांची आहेत. तव्यापाशी उभा असलेला मुलगा त्या परवानाधारकाचा नोकर, कंपनीचा नव्हे. नियम कंपनीचा, भाडे कंपनीचे, पगाराची जबाबदारी मात्र दुसऱ्याची. ‘द फाउंडर’मध्ये सॉनबॉर्नचा प्रवेश होतो त्या दृश्यात हे सूत्र फार स्पष्टपणे मांडले गेले आहे, आणि चित्रपटाला त्याचे श्रेय द्यावेच लागेल. क्रॉकही सॉनबॉर्नचे ऋण नाकारीत नाही. मात्र त्याच्या पुस्तकाची सारी ऊब पावाला मिळते, जमिनीला नाही.

तव्यापाशी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहतो तो एरिक श्लॉसर. ‘फास्ट फूड नेशन’चे मोठेपण त्याच्या संयमात आहे. कोलोरॅडो राज्यातील एक शहर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश धरून तो हळूहळू दुकानाच्या मागच्या दाराने बाहेर पडतो. बटाट्याच्या कारखान्यात, कृत्रिम चवी बनविणाऱ्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळांत आणि अखेर ग्रीली येथील कत्तलखान्यात आपल्याला नेतो. १९६१ साली आयोवातील एका मांस-कंपनीने मॅक्डोनल्ड बंधूंचेच तंत्र खाटीककामात आणले. कुशल खाटकाचे काम तोडून ओळीत उभ्या राहिलेल्या कामगारांत वाटले. प्रत्येकाने दिवसभर एकच वार करायचा. मजुरी घसरली, कामगार संघटना मोडल्या, आणि त्या ओळीत मेक्सिको-ग्वातेमालाहून आलेली माणसे येऊन उभी राहिली. त्यांच्या तुटलेल्या बोटांच्या व मोडलेल्या पाठींच्या हकिकती श्लॉसर आवाज न चढविता सांगतो. १९७२ साली क्रॉकने निक्सन यांच्या निवडणूक निधीला अडीच लाख डॉलर दिले आणि त्याच सुमारास सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना किमान वेतनाहून वीस टक्के कमी पगार देण्याची मुभा मागणारे विधेयक पुढे आले, हेही तो नोंदवतो. क्रॉकने आत्मचरित्रात या दोहोंचा संबंध नाकारला आहे.

वाचताना अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ची आठवण अपरिहार्य आहे. १९०६ सालच्या त्या कादंबरीचा नायक शिकागोच्या कत्तलखान्यात राबणारा लिथुआनियन मजूर आहे, आपल्याच धर्माच्या एका राष्ट्राचा पुत्र. सिंक्लेअर यांना त्याच्या हालअपेष्टा दाखवायच्या होत्या. वाचकांनी पाहिले ते मांसात काय मिसळले जाते ते. त्याच वर्षी मांस-तपासणीचा कायदा झाला. मजुरांसाठी काही झाले नाही. सिंक्लेअर यांना ही खंत होती की वाचकाच्या काळजाला हात घालायला गेलो आणि हात पोटाला लागला. श्लॉसरच्या पुस्तकाचेही काही अंशी तेच झाले. १९९३ साली ‘जॅक इन द बॉक्स’ या साखळीच्या हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली, ते प्रकरण वाचकांच्या मनात राहिले. बटाट्याच्या चवीत गोमांसाचा अर्क असल्याची गोष्ट तर सातासमुद्रापार गेली. १९९० साली कंपनीने गोवंशाच्या चरबीत तळणे थांबविले होते, परंतु अमेरिकेतील सळ्यांना तो अर्क लागत राहिला. २००१ साली शाकाहारी व हिंदू ग्राहकांनी तेथे दावे लावले, पुढच्या वर्षी एक कोटी डॉलरांवर तडजोड झाली, आणि इकडे ठाण्याच्या दुकानात मोडतोड झाली. भारतातील सळ्यांत असा अर्क नसल्याचे कंपनी सांगत होती. १९९६ साली दिल्लीपाठोपाठ वांद्र्यात दुकान उघडतानाच तिने येथे गोमांस आणि डुकराचे मांस वर्ज्य केले होते. ठाण्यातील मोर्चालाही तव्यापाशी उभ्या मुलाचा पगार विचारावासा वाटला नाही. पुन्हा पोटच.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या विश्वपत्रात मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. श्रमाचे मोल त्यातून निपजणाऱ्या वस्तूवरून ठरत नाही, श्रम करणारा कोणी एक माणूस आहे यावरून ठरते. हॅम्बर्गर स्वच्छ आहे का, शाकाहारी तेलात तळला आहे का, हे प्रश्न वस्तूचे झाले. २०१२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमधील कामगार संपावर गेले आणि २०२४ च्या एप्रिलपासून कॅलिफोर्नियात या धंद्यातील किमान वेतन तासाला वीस डॉलर झाले, हा प्रश्न माणसाचा. क्वेबेकमधील सेंट-ह्युबेर येथे १९९८ साली कामगारांनी संघटनेसाठी सह्या केल्या आणि दुकानच बंद झाले, हाही माणसाचाच.

श्लॉसरच्या ग्रंथाचा शेवट मला दुबळा वाटतो. इतके सारे दाखवून झाल्यावर तो वाचकाला सांगतो की दुकानात शिरल्यावर क्षणभर थांबा, विचार करा आणि हवे तर परत फिरा. शेवटी सारा भार गिऱ्हाइकाच्या सद्सद्विवेकावर. गिऱ्हाईक विवेकाने परत फिरले तर हा धंदा काय करतो, याचे उत्तर इतिहासात आहे आणि ते आपल्याच धर्माशी निगडित आहे.

ओहायोतील सिनसिनाटी येथे लू ग्रोएन नावाच्या परवानाधारकाचे दुकान कॅथलिक वस्तीत होते. त्या काळी शुक्रवारी मांस वर्ज्य असे. शुक्रवार उजाडला की ग्रोएनचा तवा थंड. त्याने माशाचे सँडविच सुचविले. दुकानाला माशाचा वास नको म्हणून क्रॉकने नाक मुरडले. त्याचा स्वतःचा तोडगा होता तो पावात अननसाची भाजलेली चकती आणि चीज घालण्याचा. १९६२ सालच्या उत्तम शुक्रवारी दोन्ही विक्रीला ठेवून पैज लागली. ग्रोएनच्या सांगण्याप्रमाणे माशाची साडेतीनशे सँडविचेस खपली, अननसाची सहा. १९६५ साली मासा देशभरातील दुकानांत गेला. प्रभूच्या मरणदिनी ही चाचणी घेण्यात कोणालाही काही वावगे वाटले नव्हते, आणि खाणारे श्रद्धावंतच होते. पुढच्याच वर्षी, १९६६ च्या फेब्रुवारीत, पोप सहावे पॉल यांनी ‘पेनितेमिनी’द्वारे प्रायश्चित्ताचे नियम नव्याने मांडले, आणि नोव्हेंबरात अमेरिकेतील महागुरूंनी उपवासकाळाबाहेरील शुक्रवारचे मांसवर्जनाचे बंधन काढून घेतले. बंधन गेले, मासा राहिला. उपवासकाळात त्याची जाहिरात आजही जोरात होते. श्लॉसरने ज्या नकारावर आशा ठेवली आहे तो नकार या धंद्याने केव्हाच तळून, गुंडाळून, किंमत लावून परत केलेला आहे.

मी हे उपरेपणाने लिहू शकत नाही, कारण ख्रिस्तसभेचे आणि या पैशाचे नाते तेवढ्यावर थांबत नाही. क्रॉकची विधवा जोन क्रॉक यांनी फादर थिओडोर हेसबर्ग यांचे अण्वस्त्रविरोधी विचार ऐकले आणि त्यांनी दिलेल्या साठ लाख डॉलरांतून १९८६ साली नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात शांतता-अभ्यासाची संस्था उभी राहिली. २००३ साली त्या निवर्तल्या तेव्हा त्यांनी नोत्र दाम आणि सॅन दिएगो या दोन्ही कॅथलिक विद्यापीठांना प्रत्येकी पाच कोटी डॉलर ठेवले. सॅल्व्हेशन आर्मीला दीड अब्ज. पतीच्या पुस्तकात नसलेला पश्चात्ताप पत्नीच्या मृत्युपत्रात शोधावा, असा मोह होतो. पण जोन यांनी आपल्या दानाला प्रायश्चित्त म्हटलेले नाही, आणि समीक्षकाने ते त्यांच्या तोंडी घालणे योग्य नव्हे. त्या संस्थांतून झालेले काम चांगले आहे. तो पैसा भाड्याचा होता, हेही तितकेच खरे.

भाड्याचा विषय निघालाच आहे तर रोमपर्यंत जाणे भाग आहे. २०१६ सालच्या अखेरीस व्हॅटिकनच्या वेशीवरील बोर्गो पिओ या भागात मॅक्डोनल्ड्सचे दुकान उघडले. इमारत परमपीठाच्या मालमत्ता-विभागाची होती आणि वरच्या मजल्यांवर कार्डिनल राहत होते. महिना तीस हजार युरो भाड्याचा आकडा वृत्तपत्रांनी दिला. ज्या कंपनीने साठ वर्षे जगाला भाड्याने जागा दिली ती येथे स्वतः भाडेकरू होती, आणि जमीनमालक आपण. कार्डिनल एलिओ स्ग्रेच्चा यांनी ‘ला रेपुब्लिका’ या वृत्तपत्रात उघड नापसंती व्यक्त केली. ही जागा परिसरातील गरजूंसाठी वापरली जावयास हवी होती, असे त्यांचे म्हणणे होते. मालमत्ता-विभागाचे प्रमुख कार्डिनल दोमेनिको काल्काञ्ञो यांनी व्यवहार कायदेशीर असल्याचे सांगून त्याचे समर्थन केले. सॉनबॉर्नला यात खटकण्यासारखे काही दिसले नसते. २०१७ च्या जानेवारीपासून काही आठवडे दर सोमवारी त्या दुकानातून चौकाभोवतालच्या बेघरांना जेवण दिले गेले, एकूण हजार जेवणे. पुडीत एक चीजबर्गर, सफरचंदाच्या फोडी आणि पाण्याची बाटली होती.